अल शम्स ऊर्फ बंडू

छत्तरपूर, दिल्ली
१२ मार्च १९९६

ताई,

आधी पाप सांगून टाकतो, म्हणजे बाकीचं पत्र मोकळ्या मनानं लिहिता येईल. आपला बंडू हॉर्स शोमध्ये चॅम्पियन झाला आणि तो मी लबाडी करून केला. दोन्ही खरं आहे. आबांना फक्त पहिलं माहितीय.

तू लग्न होऊन गेलीस तेव्हा बंडू शिंगरू होता. आता बघशील तर ओळखणार नाहीस. पांढरा झालाय, डोळे काजळ घातल्यासारखे. कागदावर नाव अल शम्स, शुद्ध अरबी. पण तू ठेवलेलं नावच चालतं. त्याचे मालक, आपले मेहंदीरत्ता साहेब 'शम्स, शम्स' करून घसा कोरडा करतात, तो ढुंकून बघत नाही. आबांनी हळूच 'बंडू' म्हटलं की कान टवकारतो.

तर शोचं असं असतं. घोड्यावर कुणी बसत नाही. नुसता लगाम धरून जजसमोर न्यायचा. त्यानं मान लांब करायची, नाकपुड्या फुलवायच्या, शेपूट झेंड्यासारखी वर, आणि असं बघायचं की हे मैदान माझ्या बापाचंय. आणि आपल्या आबांनी सगळा जन्म घोडदळात काढलेला. त्यांचा घोडा म्हणजे गार्डवरचा जवान. हलायचं नाही, खिंकाळायचं नाही, तोफ उडाली तरी पापणी लवायची नाही. गेल्या वर्षी बंडू अस्साच उभा राहिला. गोरा जज त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि मला म्हणाला, "ब्यूटिफुल. झोपलाय का?" तिसरा नंबर. आबा भडकले. "घोडा आहे का तमाशातली बाई? शेपूट वर कर काय, नाक फुगव काय!"

या वेळी काय झालं, आठवडाभर आधी शेजारच्या फार्महाऊसवर लग्न होतं. मेहरौलीचे रमजानी चाचा वरातीची घोडी घेऊन आले होते. चांदनी तिचं नाव. ती माजावर होती. भिंतीपलीकडून तिचा वास आला आणि आपल्या गार्डवरच्या जवानानं जो दंगा केला, बापरे! माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. चाचांना बिडीचं बंडल दिलं आणि माझा रुमाल घोडीच्या शेपटीखालून फिरवून आणला. पुढचं विचारू नको. पिशवीत बांधून ठेवला आणि शोच्या दिवशी कोटाच्या खिशात.

रिंगमध्ये गेल्यावर फक्त खिसा उघडला. ताई, काय सांगू! जमिनीवर पाय नव्हते त्याचे. शेपूट पाठीवर, मान धनुष्यासारखी, फुरफुर ऐकून पहिल्या रांगेतल्या मॅडमनी पर्स छातीशी धरली. जजनं माझ्याशी हात मिळवला आणि मग स्वतःचा हात हुंगला.

आबा कडेला उभे होते. कडक सॅल्यूट मारला, मला की बंडूला कळलं नाही. मग जवळ येऊन म्हणाले, "शिस्तीचं फळ आहे, राजा." आई गेल्यापासून मला राजा म्हटलं नव्हतं त्यांनी. आता तूच सांग, मी कसं सांगायचं?

तुझा,
राजू


मु. पो. कातरवाडी, ता. खटाव
२ एप्रिल १९९६

राजू,

तुझं पत्र आमच्या घरात सगळ्यांनी ऐकलं. इथं पत्र आलं की माझे दीर दामू ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतात, ही पद्धत आहे. यांची आसामहून येणारी पत्रंसुद्धा अशीच वाचतात, तू तर काय. रुमालापाशी आल्यावर दामूभावजी थांबले. मामंजी म्हणाले, "वाच की." वाचलं. मामंजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. सासूबाई निवडायचे तांदूळ घेऊन आत गेल्या. आता गावात मला "रुमालवाल्याची बहीण" म्हणतात.

पुढच्या पत्रावर 'खाजगी' लिहू नकोस. मग तेच आधी फोडतील.

बंडू पांढरा झाला म्हणतोस, माझ्या डोळ्यांसमोर तो अजून विटकरी रंगाचाच येतो. विमानातून आलेला, थरथरत होता. आईला जाऊन तीन महिने झाले होते आणि आबा तिच्या शालीत त्याला गुंडाळून तबेल्यात बसले होते. आबांनी त्या वर्षात आपल्या दोघांशी जेवढं बोलणं केलं नसेल तेवढं त्याच्याशी केलं. मी चिडायचे तेव्हा. आता नाही चिडत.

इथं बैल आहेत, म्हशी आहेत, सगळं आहे. पण घोड्याच्या घामाचा वास नाही. कधी कधी धुणं वाळत घालताना उगाच येतो, मी वळून बघते तर काही नसतं.

त्याचा फोटो पाठव. आबांना मात्र काही सांगू नको. त्यांचं फळ त्यांना खाऊ दे.

ताई


छत्तरपूर
२८ एप्रिल १९९६

ताई,

मजा संपली. बंडू विकला.

चॅम्पियन झाला म्हणून मासिकात फोटो आला, फोटो बघून दुबईहून एजंट आला. बंडूचे दात बघितले, पाय उचलून बघितले, पळवून बघितला. मग विचारलं, "इसका कोई बच्चा है इंडिया में?" त्यांच्या शेखला म्हणे असा घोडा पाहिजे ज्याचं बीज दुसरीकडं कुठं पडलेलं नाही. साहेब आबांकडं बोट करून म्हणाले, रिसालदारांना विचारा, घोडा त्यांच्या हातचा आहे.

आबा म्हणाले, "नहीं साहब. एक भी नहीं. मेरी जबान है."

झालं. साहेबांनी एजंटच्या पाठीवर थाप मारली. "मारुतराव की जबान मतलब पक्का कागज." व्यवहार तिथंच झाला. साहेबांना आता घोड्यांचा कंटाळा आलाय. फरीदाबादच्या फॅक्टरीत कोरियाचा पार्टनर घेतलाय आणि फार्महाऊस लग्नांना भाड्यानं द्यायचंय. म्हणतात इथं घोडे ठेवण्यापेक्षा नवरदेव ठेवले तर बरं.

आबा भाकरी नुसती कुस्करतात. मी म्हटलं, आबा, साहेबांना सांगा ना, नका विकू म्हणावं. तर म्हणाले, "घोडा त्यांचा आहे."

ताई, मी रुमाल नेला नसता तर बंडू परत तिसरा आला असता. तिसऱ्या नंबरचा घोडा कोण घेतो? इथंच राहिला असता. डोक्यातून जातच नाही यार. तू आबांना पत्र लिही. तुझं ऐकतात. निदान बोलतील तरी.

राजू


कातरवाडी
२२ मे १९९६

राजू,

मी फसणार नाही. माझ्या साखरपुड्याच्या आधी 'नवरदेव पळाला' अशी तार कुणी केली होती? मामंजींनी पोलीस पाटलाला उठवलं होतं. तेव्हापासून तुझ्या पत्रातलं निम्मं सोडून द्यायचं असं इथं ठरलंय.

आबांचं पत्र परवाच आलं. त्यांचं नेहमीसारखं, मोजकं. "प्रकृती ठीक. घोडा उत्तम. राजू लायनीवर येत आहे. पावसाच्या आत धान्य भरून घ्या." यात विक्रीचं अक्षर नाही. बंडू विकला असता तर आबांनी मला कळवलं नसतं?

बारावीच्या राहिलेल्या विषयाचा कंपार्टमेंटचा पेपर देणार होतास, त्याचं काय झालं ते लिही. आणि फोटो कुठाय?

ताई


छत्तरपूर
२० जून १९९६

ताई,

या वेळी तरी विश्वास ठेव. सोबत फोटो आहे. मागं ट्रक दिसतोय तो एअरपोर्टचा.

बंडू ट्रकमध्ये चढेना. एजंटची माणसं ओढून थकली, एकानं चाबूक काढला. आबांनी त्याच्या हातातून चाबूक घेतला, घडी केली आणि परत त्याच्याच खिशात ठेवला. मग स्वतः फळीवरून आत गेले. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. बंडू त्यांच्या मागून असा चढला जसा कुणी घरात शिरतो. आतमध्ये किती वेळ होते कोण जाणे. पुढच्या छोट्या दारातून एकटे उतरले. दार लागल्यावर त्याला कळलं. लाथा मारायला लागला, सगळा ट्रक वाजत होता. छत्तरपूर रोडच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

आबांनी त्या माणसांना सांगून ठेवलं, पाणी कोमट द्या, डाव्या कानाला हात लावू नका. हे नाही सांगितलं की त्याचं नाव बंडू आहे. मी विचारलं, का नाही सांगितलं? म्हणाले, "त्यांच्या तोंडात ते बरं दिसणार नाही."

आता ऐक. आबा रोज पहाटे उठतात आणि तबेल्यातलं बंडूचं रिकामं ठाण झाडतात. गवत पसरतात. आणि तिथंच उभे राहतात. दिवसा गेटवर. साहेबांनी लाल फेटा दिलाय, लग्नाचे पाहुणे आले की सॅल्यूट मारायचा. रिसालदार मारुतराव, ज्यांनी जनरलला घोड्यावरून खाली उतरवून रिकिबीत पाय कसा ठेवायचा ते शिकवलं, ते मारुती एस्टीममधून उतरणाऱ्या पोरांना सॅल्यूट मारतात. मी गेटकडं जातच नाही.

मी हल्ली मेहरौलीला जातो. सारखा जातो. का ते आत्ता विचारू नको, दामूभावजी ओट्यावर असतील.

राजू


कातरवाडी
१४ नोव्हेंबर १९९६

राजू,

फोटो बघितला आणि मी विहिरीवर जाऊन बसले. सासूबाईंनी हाक मारली नाही.

तू खरं सांगत होतास आणि मी आबांच्या "घोडा उत्तम"वर विश्वास ठेवला. तेव्हाच लिहायला पाहिजे होतं त्यांना. नंतर तीन पत्रं लिहिली. उत्तर एकच, "सर्व ठीक." बंडूचं नावसुद्धा नाही. दिवाळीला इकडं या म्हटलं तर म्हणाले, ठाण झाडायचं असतं. रिकामं ठाण, राजू.

आई गेली तेव्हा ते तीन महिने असेच होते. मग बंडू आला. आता कोण येणार आहे? मला भीती वाटते. यांची रजा मार्चशिवाय नाही, मी एकटी दिल्लीला कशी येऊ?

दुसरं. मेहरौलीत कोण आहे? तू टाळलंस म्हणून दामूभावजींनी ताडलं की मुलगी आहे. सासूबाई विचारतात, कुणाची, कुठली? मी म्हटलं मला माहिती नाही. तर म्हणाल्या, "रुमालवाल्याला कोण देणार म्हणा." नसता घोळ घालू नको. आणि असेल काही तर आबांना आधी सांग, या दिवसांत त्यांना बाहेरून कळायला नको.

ताई


छत्तरपूर
६ मे १९९७

ताई,

हे पत्र ओट्यावर वाचायचं नाही. दामूभावजींच्या हातातून घे. मी आतमध्ये एक पत्र ठेवलंय, 'सर्वांना नमस्कार, हवा गरम आहे' असं, ते त्यांना वाचायला दे. हे तू गोठ्यात जाऊन वाच.

मेहरौलीत आहे एक. मोठ्या डोळ्यांची, गोरीपान, लग्नाच्या मोसमात फार बिझी असते. चांदनी. रमजानी चाचांची घोडी.

बंडू जायच्या आधीच्या आठवड्यात आबा गुडघ्यासाठी कँटच्या मिलिटरी हॉस्पिटलात गेले होते. साहेब सिंगापूरला. मी चाचांना म्हटलं, घोडी घेऊन मागच्या गेटनं या. चाचा म्हणाले, "दिमाग खराब है? अरबी घोडा और मेरी बारात वाली?" मी म्हटलं, चाचा, हिच्यावर बसून एवढ्या लोकांची लग्नं झाली, हिचं कधी? हसले आणि घेऊन आले. तिच्या गळ्यात लग्नाची मण्यांची माळ तशीच होती. बाकीचं होईपर्यंत मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. मंगलाष्टकं मात्र म्हटली, येत होती तेवढी.

काल झाला. शिंगरू. नर आहे.

चाचा कपाळाला हात लावून बसलेत. "काला पैदा हुआ! इसपे कौन दूल्हा बैठेगा?" मी सांगितलं, थांबा चाचा, बंडूपण आला तेव्हा विटकरी होता, हळूहळू पांढरा पडला. त्यांना पटत नाही. पण ताई, मी बघितलं ना. अजून पाय कुठं ठेवायचे कळत नाही, आणि अंगणात कोंबडी दिसली की शेपूट वर! झेंडा! ते शिकवून येत नाही.

आता अडचण. मी हे आबांसाठी केलं. दुसऱ्या कशासाठी नाही. पण आबांनी जबान दिल्यानंतर केलं. मेहंदीरत्तांच्या घोड्याचं बीज न विचारता नेलं, म्हणजे आबांच्या हिशेबात चोरी. त्यांना कळलं तर काय करतील तुला माहितीय. टोपी घालून साहेबांच्या समोर उभे राहतील, सगळं खरं सांगतील. साहेब दुबईला फोन लावतील. मग शिंगरू कुठं जाईल, आबांच्या जबानीचं काय होईल, चाचांचं काय होईल, माझं सोड.

आणि सांगितलं नाही, तर आबा रिकामं ठाण झाडत बसणार. मेहरौली इथून सायकलवर जवळच आहे ग. मला फक्त एवढंच पाहिजे, त्यांनी एकदा त्याच्या मानेवरून हात फिरवावा.

काय करू?

राजू


कातरवाडी
२८ मे १९९७

राजू,

गोठ्यातच वाचलं. म्हैस माझ्याकडं बघत होती, मी हसत होते आणि रडत होते. दामूभावजींना हवेचं पत्र दिलं. त्यांना संशय आलाय, म्हणाले, "राजूनं एवढं सरळ पत्र लिहिलं म्हणजे पोरगं आजारी आहे."

मला विचारशील तर सांगून टाक. आबा साहेबांकडं जातील, जाऊ देत. आपल्या आबांना फसवून दिलेलं सुख मला नको वाटतं. आधी एकदा फसवलंस, त्या रुमालानं, आणि त्यातून काय झालं बघतोयस. पुन्हा तेच नको.

हे लिहिते आहे आणि मनात म्हणते आहे, नको सांगूस. खोटं कशाला बोलू? माझ्या मनाला विचारलंस तर ते शिंगरू आबांच्या दाराशी बांधलेलं दिसतं मला.

पण सांग. रविवारी सांग. आणि त्याचे डोळे कसे आहेत ते लिही.

ताई


छत्तरपूर
१७ जून १९९७

ताई,

सांगायचं ठरवलं होतं. परवाच्या रविवारी. सकाळी आंघोळ केली, शर्ट घातला, आबांसमोर गेलो तर आबा सायकल काढत होते. म्हणाले, "कँटात जातो. डॉक्टरनं बोलावलंय." रविवारी कुठला डॉक्टर बसतो, असं माझ्या तोंडावर आलं होतं. पण मला वाटलं, बरं झालं, संध्याकाळपर्यंत सुटका.

मग मी मेहरौलीला गेलो. चाचांच्या भिंतीला आबांची सायकल.

वाटलं, कळलं, आता सगळं संपलं. आत जायची हिंमत होईना. भिंतीची वरची वीट निसटलीय तिथून बघितलं.

आबा अंगणात होते. गुडघे धरून खाली बसले होते आणि शिंगरू त्यांच्या टोपीचं टोक चघळत होतं. चाचा खाटेवर. मला वाटलं ओरडाआरडा चालू असेल. तर चाचा म्हणत होते, "रिसालदार साब, उस दिन आप न आते तो न घोड़ी बचती न बच्चा. पैर उलटा फंसा था."

म्हणजे जन्मताना आबा होते, ताई. मी त्या दिवशी साहेबांच्या पाहुण्यांना आणायला नोएडाला गेलो होतो. घोडी अडली म्हणून चाचा धावत आपल्याकडं आले, घोड्याचं कळणारा दुसरा कोण आहे त्यांना ठाऊक? आबांनी स्वतःच्या हातानं त्याला बाहेर काढलं. आणि बाहेर आल्या आल्या ओळखलं असणार. मी दुसऱ्या दिवशी नाचत गेलो चाचांकडं, आणि तो म्हातारा मला म्हणतो "काला पैदा हुआ" म्हणून! एक अक्षर बोलला नाही!

चाचांनी विचारलं, "लौंडे को बता क्यों नहीं देते?"

आबांनी टोपी शिंगराच्या तोंडातून सोडवली. मग म्हणाले, "बताऊंगा तो डांटना पड़ेगा. डांटूंगा तो साहब के पास जाना पड़ेगा. मैंने जबान दी थी. जब तक उसको लगता है कि मुझे नहीं मालूम, तब तक मुझे नहीं मालूम."

ताई, आबा खोटं बोलत होते. आबा! दर रविवारी कँटाच्या नावानं बाहेर पडतात. ज्यांनी मला लहानपणी एका पेरूसाठी कर्नलच्या बंगल्यावर माफी मागायला नेलं होतं, ते.

मग चाचा चहा करायला आत गेले आणि आबा मराठीत बोलायला लागले. शिंगराशी. हळू आवाजात, मधेमधे हसत. मला सगळं ऐकू आलं नाही. एवढं आलं, "तुझ्या बापाला तिकडं ऊन सोसत नसेल रे. त्याला लिंबाखाली उभं राहायची सवय. तिथं लिंब आहे का कोण जाणे." मग तुझं नाव घेतलं. मग आईचं. आईला सांगितल्यासारखं काहीतरी सांगत होते. माझ्याशी एवढं कधी बोलले नाहीत ग. मला आत जाऊन शिंगराची दुसरी बाजू धरायची होती, त्यांच्या शेजारी बसायचं होतं. बिल्कुल दोन पावलांवर दार होतं.

नाही गेलो. मी आत गेलो असतो तर त्यांना मालूम झालं असतं.

तू डोळे विचारले होतेस. काळेभोर, अगदी बंडूचे. आणि आजूबाजूला बारीक पांढरे केस यायला लागलेत. चाचांना अजून दिसले नाहीत. आबांना दिसले असतील.

संध्याकाळी आबा आले. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" म्हणाले, "चालत राहा म्हणाले. दर रविवारी यायला सांगितलंय." दोन भाकरी खाल्ल्या. मी खाली मान घालून वाढत होतो, कारण वर बघितलं असतं तर हसू आलं असतं, नाहीतर दुसरं काहीतरी.

म्हणून आता तुझ्या पाया पडतो. आबांना लिहिताना शिंगराचं नाव काढू नको. मेहरौलीचं काढू नको, गुडघ्याचंही फार विचारू नको. दामूभावजींना नाही, दाजी रजेवर आले तर त्यांनाही नाही. मला कळलंय हे आबांना कळलं तर त्यांचे रविवार बंद होतील. हे पत्र वाचून झालं की चुलीत टाक. आईची शपथ आहे तुला, ताई, कुणालाही सांगू नको.

तुझा,
राजू